निर्वासित आणि आपला उंबरठा



पवित्र कुटुंबाच्या सणाच्या रविवारी योसेफ, मरिया आणि बाळ येशू रातोरात इजिप्तला पळून गेल्याचे शुभवर्तमान आपण ऐकले. प्रवचनात मी युक्रेन, गाझा, सुदान आणि म्यानमार इथून जीव घेऊन पळालेल्या लोकांसाठी प्रार्थना करायला सांगितले. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात चहा घेत उभे असताना आपल्या धर्मग्रामातील एक ज्येष्ठ काका जवळ आले. म्हणाले, "फादर, प्रार्थना करू, त्याला काही पैसे पडत नाहीत. पण उद्या हे लोक खरंच इथं आले तर? माझा नातू बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी बसलाय. एम.आय.डी.सी.त दहा ठिकाणी अर्ज टाकले. देशानं आधी घरच्या पोरांचं बघायचं की बाहेरच्यांचं?"

मी म्हणालो, "काका, प्रभू येशू स्वतः निर्वासित होता." काका हसले, "हो फादर, ते खरंच," म्हणाले आणि निघून गेले. मला मात्र दिवसभर चैन पडेना. माझ्या उत्तराने त्यांचे तोंड बंद झाले होते, प्रश्न तसाच राहिला होता. धर्मगुरूच्या हातात शुभवर्तमान असते आणि समोरचा माणूस आदराने गप्प बसतो. ही सोय फार वापरली की आपण विचार करणे सोडतो. म्हणून काकांचा प्रश्न या पानावर पुन्हा घेतो.

आधी शुभवर्तमानाचीच गोष्ट नीट पाहू. कुणी म्हणेल, इजिप्त काय आणि यहुदिया काय, दोन्हीकडे सत्ता शेवटी रोमचीच. मग पवित्र कुटुंबाने परदेशाची सीमा ओलांडली असे कसे म्हणायचे? आक्षेप बरोबर आहे. तेव्हा पासपोर्ट नव्हते, व्हिसा नव्हता. पण हेरोदाचा हात इजिप्तपर्यंत पोहोचत नव्हता, आणि योसेफाला तेवढेच हवे होते. निर्वासिताची खरी खूण हीच आहे. तो चांगल्या नोकरीसाठी निघालेला नसतो. त्याला फक्त मारेकऱ्याचा हात पोहोचणार नाही अशी जागा हवी असते. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्तसभा आजही ते कुटुंब कुठे थांबले, कुठे पाणी प्यायले त्या जागा अभिमानाने दाखवते. पण त्या वेळी ज्यांनी त्यांना दार उघडले त्यांना आत कोण येत आहे याची कल्पना नव्हती. त्यांच्या दृष्टीने तो एक सुतार, एक बाळंतीण आणि एक तान्हे मूल होते. तेव्हा 'येशू निर्वासित होता' हे आपण दोन हजार वर्षांनंतर म्हणू शकतो. दार उघडणाऱ्याला ते माहीत नसते, आणि त्याला माहीत नसताना निर्णय घ्यावा लागतो.

आता आपल्या नाशिककडे येऊ. आपल्यापैकी कितीतरी जण रोज शरणपूर रोडवरून जातात. रिक्षावाल्याला 'शरणपूर' म्हणून सांगतात. त्या नावाचा अर्थ कधी मनात आला का? शरण आलेल्यांचे गाव. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी हे गाव वसवले. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला मुकलेल्या लोकांना तिथे आसरा होता, आणि पुढे आणखी एका जातीच्या लोकांना. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते ब्रिटिश नौदल पकडत असे. त्यांतून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरत आणि त्यांतली कित्येक शरणपूरला पाठवली जात. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. गोदावरीच्या काठी, आपल्या या गावात, आफ्रिकेच्या आतल्या भागातून पळवून आणलेली मुले वाढली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. शरणपूरच्या अनेक आफ्रिकनांनी पुढे मोंबासाजवळ १८७५ मध्ये वसलेल्या फ्रेरटाऊनमध्ये नवे घर केले. (हे काम आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. म्हणून ते मुद्दाम सांगतो. चांगले काम दुसऱ्याने केले तर ते मोकळेपणाने सांगावे.)

त्याच शरणपूर रोडवर हिवाळ्यात आपण स्वेटर घ्यायला तिबेटियन मार्केटमध्ये जातो. भाव करतो, दहा-वीस रुपये कमी करून घेतो. ती माणसे कोण? १९५९ मध्ये दलाई लामा तिबेटमधून भारतात आले, त्यांच्यामागून आलेल्या लोकांची मुले-नातवंडे. आपल्याच महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांची नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे. म्हणजे एका रस्त्यावर दोन वेगवेगळ्या शतकांतले निर्वासित, आणि आपण त्यांना निर्वासित म्हणून ओळखतही नाही. काकांनी विचारले होते, 'हे लोक खरंच इथं आले तर?' ते पूर्वीच येऊन गेले आहेत, काही अजून इथे आहेत.

परंतु महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचा दाखला कोल्हापूरचा आहे, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे.

१९३९ मध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडचा भाग रशियाकडे गेला, आणि १९४० ते १९४१ या काळात तिथल्या लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. थंडी, भूक आणि टायफसने असंख्य मेले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला तेव्हा स्टॅलिनला मित्रांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. १९४२ मध्ये ते इराणमध्ये पोहोचले. पुरुष बहुतेक सैन्यात गेले. बायका, मुले, अनाथ यांचे काय करायचे? जगभर विचारणा झाली. काहींना पूर्व आफ्रिकेने घेतले, काहींना न्यूझीलंड आणि मेक्सिकोने. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी इथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. आणि कोल्हापूर संस्थानात, पंचगंगेजवळच्या वळिवडे गावी, १९४३ मध्ये मोठी वसाहत उभी राहिली. सुमारे ५,००० पोलिश लोक तिथे १९४८ पर्यंत राहिले. बहुतेक बायका आणि मुले, आणि बहुतेक सगळे आपल्यासारखेच कॅथलिक. त्यांचे चर्च होते, शाळा होत्या, नाटके होत होती. पोलिश पोरे मराठी शब्द शिकली, कोल्हापूरच्या बाजारात जाऊ लागली. त्यांतल्या एका तरुणीने कोल्हापुरातल्या मराठी तरुणाशी लग्न केले आणि ती कायमची तिथलीच झाली. काहीजण तिथल्याच मातीत पुरले गेले.

आता सन पुन्हा पाहा. १९४३. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मेले; मृतांचा अंदाज ३० लाखांपर्यंत जातो. देश पारतंत्र्यात होता, रेशनिंग होते, महागाई होती, स्वातंत्र्यलढ्यातले नेते तुरुंगात होते. 'आधी घरच्यांचं बघा' हे म्हणण्याचा हक्क कधी कुणाला असेल तर तो त्या वेळच्या भारताला होता. तरीही वळिवड्याला जागा मिळाली.

इथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर मी तुम्हाला सोयीची गोष्ट सांगितली असे होईल. पहिली अशी की हा निर्णय रयतेला विचारून झालेला नव्हता. ब्रिटिश सरकार आणि संस्थान यांच्यात ते ठरले. दुसरी अशी की खर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या तिजोरीवर पडला नाही, लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारने तो उचलला होता. म्हणजे एकाने जमीन दिली, दुसऱ्याने पैसा दिला, तिसऱ्याने जहाजे दिली. मला वाटते, यात वळिवड्याचे महत्त्व कमी होत नाही, उलट एक कळ सापडते. निर्वासितांचा भार एकट्याने उचलायचा नसतो. शेजारच्या घराला आग लागली तर ज्याच्या ओसरीवर जागा आहे तो जागा देतो, ज्याच्याकडे धान्य आहे तो धान्य देतो. आज जगात हेच बिघडले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस १२ कोटींहून अधिक लोक बळजबरीने घराबाहेर पडलेले होते. त्यांतले निम्म्याहून जास्त स्वतःच्याच देशात भटकत होते, आणि जे सीमा ओलांडून गेले त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश श्रीमंत देशांत गेलेच नाहीत, ते गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. सर्वांत मोठा आरडाओरडा मात्र श्रीमंत देशांत ऐकू येतो.

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे. घरच्यांचे आधी की बाहेरच्यांचे आधी?

घरच्यांवर अधिक प्रेम करणे हे पाप नाही, हे आधी स्पष्ट करतो. संत थॉमस अक्विनस यांनी प्रेमाला एक क्रम असतो असे शिकवले आहे. आईबाप, मुले, भाऊबंद, आपल्या गावचे लोक यांच्यावर आपले अधिक ऋण असते. स्वतःच्या मुलांना उपाशी ठेवून गावजेवण घालणाऱ्या बापाला कुणी संत म्हणणार नाही. हाच धागा धरून २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स, जे स्वतः कॅथलिक आहेत, म्हणाले की ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे आधी कुटुंब, मग शेजारी, मग गाव, मग देश आणि शेवटी उरलेले जग. पुढच्याच महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेतील बिशपांना पत्र पाठवले आणि प्रेमाचा खरा क्रम समजून घ्यायचा तर चांगल्या शोमरोनीचा दाखला वाचा, अशा अर्थाचे उत्तर दिले. तेव्हा सेमिनरीत असताना वाचलेले संत थॉमस मी पुन्हा उघडून बसलो.

संत थॉमस क्रम सांगून थांबत नाहीत. ते पुढे म्हणतात की नात्याचा जवळपणा एका बाजूला आणि गरजेची निकड दुसऱ्या बाजूला, दोन्ही तोलावे लागतात. स्वतःच्या वडिलांना तेवढी निकड नसेल आणि एखादा परका अगदी मरणाच्या दारात असेल, तर आधी परक्याला मदत करणे योग्य ठरते, असे त्यांचे म्हणणे आहे. मला काकांच्या प्रश्नाची मेख इथे सापडते. काकांच्या नातवाला नोकरी नाही, ही खरी अडचण आहे आणि तिला कमी लेखू नये. पण नातू आज रात्री मरणार नाही. खार्तुमहून पळालेली आई आणि काकांचा नातू यांची तुलना करायची तर दोघांचे दुःख एकाच तराजूत घालून चालत नाही. दवाखान्यात ज्याला ताप आहे तो सकाळपासून रांगेत असला तरी ज्याचा श्वास अडकला आहे त्याला डॉक्टर आधी घेतात, आणि रांगेतल्या शहाण्या माणसाला ते पटते. मात्र तापवाल्याला तपासायचेच विसरले तर तो उद्या दवाखान्याची काच फोडतो. ही दुसरी गोष्ट निर्वासितांची बाजू घेणारे अनेकदा विसरतात, असे माझे मत आहे. घरच्या बेकाराकडे दुर्लक्ष करणारे सरकार निर्वासितांचे भले फार काळ करू शकत नाही.

संत थॉमस वारल्यानंतर पाच शतकांनी, १७९५ मध्ये, जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी वेगळ्या वाटेने जवळपास हीच गोष्ट मांडली. ते म्हणाले की परक्याला दारात वैऱ्यासारखे वागवले जाऊ नये, हा त्याचा हक्क आहे, दया नव्हे. त्याला राहू देण्याचे बंधन नाही. त्याला परत पाठवता येते, पण परत पाठवल्याने त्याचा नाश होणार असेल तर नाही. कांट भावनाप्रधान माणूस नव्हते, त्यांनी प्रत्येक शब्द तोलून लिहिला आहे. आणि ही अट मला अढळ वाटते. बाकी सगळ्यावर चर्चा होऊ शकते. कुठे ठेवायचे, किती दिवस, काम करू द्यायचे की नाही, नागरिकत्व द्यायचे की नाही, यावर सज्जन माणसांत मतभेद असू शकतात. पण माणसाला मारेकऱ्याच्या हाती परत द्यायचे नाही, यावर मला दुसरी बाजू दिसत नाही. १९३९ मध्ये 'सेंट लुईस' नावाचे जहाज ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून निघाले. बहुतेक सगळे हिटलरपासून पळालेले ज्यू होते. क्युबाने थोड्यांना सोडून बाकीच्यांना उतरू दिले नाही, अमेरिकेनेही नाही. जहाज युरोपात परतले आणि पुढे नाझी राजवटीत त्यांतले २५४ जण मारले गेले. कुणी त्यांच्यावर गोळी झाडा असे म्हणाले नव्हते. नियमात बसत नाही, एवढेच म्हणाले होते.

काकांनी विचारला नाही पण अनेकांच्या मनात असतो तो प्रश्न म्हणजे सुरक्षिततेचा. निर्वासितांत एखादा घातपाती शिरला तर? ही भीती खोटी नाही. १९९१ मध्ये राजीव गांधी यांची हत्या श्रीलंकेतून आलेल्या एल.टी.टी.ई.च्या लोकांनी तमिळनाडूत केली, आणि त्यानंतर तिथल्या छावण्यांतल्या हजारो निरपराध श्रीलंकन तमिळांकडे संशयाने पाहिले गेले. राष्ट्राने दारात चौकशी करावी, नावनिशी लिहून घ्यावी, हे त्याचे कर्तव्यच आहे. पण चौकशी करणे आणि दार न उघडणे यांत फरक आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून हिटलरला भिऊन पळून आलेले काही ज्यू भारतात पोहोचले, तर त्यांच्या हातात जर्मन पासपोर्ट आहे म्हणून 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरवून त्यांना तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत डांबण्यात आले. हिटलरच्या शत्रूंना हिटलरची माणसे समजून! आपल्या लोकांना हे नवे नाही. आपल्या भागात गावोगाव फिरून ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना बाप्तिस्मा दिला, शाळा काढल्या, त्या जर्मन येशूसंघीय फादरांवर पहिल्या महायुद्धात हाच शिक्का बसला आणि त्यांना मिशन सोडून जावे लागले. संशयाला डोळे नसतात, म्हणून त्याच्या हाती कायदा द्यायचा तर बाजूला न्यायालय हवे.

आता आपल्या देशाच्या कायद्याबद्दल. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तरीसुद्धा १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक आले आणि देशाने त्यांना सांभाळले. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, त्या वेळी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे जादा 'रेफ्युजी रिलीफ' तिकीट लावावे लागे. आईला लिहिलेल्या पत्रावरसुद्धा. पाच पैसे म्हणजे थोडेच, पण प्रत्येकाकडून. आणि १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने दिलेले जिवाचे संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. कागदावर सही न करता आपण अनेकदा सही केलेल्यांपेक्षा चांगले वागलो आहोत.

पण २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा मला बोलल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून २०१४ च्या अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना त्यात नागरिकत्वाची वाट करून दिली आहे. त्या यादीत ख्रिस्ती आहेत. मुसलमान नाहीत. काही जण मला म्हणाले, "फादर, आपलं नाव आहे ना, मग आपण कशाला बोलायचं?" पाकिस्तानातल्या एखाद्या छळ झालेल्या ख्रिस्ती कुटुंबाला भारतात हक्काचे घर मिळाले तर मला आनंदच आहे, आणि हिंदू किंवा शीख कुटुंबाला मिळाले तरी तेवढाच. पण 'आपलं नाव आहे' म्हणून गप्प बसणे मला जमत नाही. मारेकऱ्यापासून पळालेल्याला दारात धर्म विचारायचा, आणि उत्तर ऐकून कडी काढायची की नाही ते ठरवायचे? जखमी माणूस कोणत्या जातीचा हे शोमरोनी माणसाने विचारले नाही.

शिवाय 'आपलं नाव आहे' हेही अर्धेच खरे. २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि तिथले चिन लोक पळून मिझोराममध्ये आले. तीस हजारांहून जास्त. बहुतेक सगळे ख्रिस्ती. मिझोरामच्या लोकांनी आणि तिथल्या चर्चेसनी त्यांना ठेवून घेतले, धान्य दिले, त्यांची मुले शाळेत घातली. या चिन लोकांचे नाव त्या यादीत नाही, कारण म्यानमार यादीत नाही. १९८३ पासून तमिळनाडूत राहणारे श्रीलंकेचे तमिळ, त्यांत हिंदू आहेत आणि कॅथलिकही आहेत, तेही त्यात नाहीत. यादी केली की असेच होते.

आणि युरोपानेही यादी केलीच. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा युरोपीय संघाने काही दिवसांतच युक्रेनच्या लोकांना राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क दिला. पोलंडच्या लोकांनी स्टेशनांवर उभे राहून अनोळखी बाया-पोरांना घरी नेले. त्याच वेळी युक्रेनमध्ये शिकणारी आपली मुले, महाराष्ट्रातील वैद्यकीयचे विद्यार्थीसुद्धा, सीमेकडे धावत होती. पोलंडने त्यांना व्हिसाशिवाय आत घेतले, आणि तिथून आपल्या सरकारने त्यांना विमानाने परत आणले. त्या वेळी जामसाहेबांची आणि कोल्हापूरची आठवण दोन्ही देशांत निघाली. ८० वर्षांपूर्वी दिलेले कर्ज असे परत आले. पण त्याच पोलंडच्या दुसऱ्या सीमेवर, बेलारूसकडे, २०२१ च्या हिवाळ्यात इराक, सीरिया, अफगाणिस्तानची माणसे जंगलात थंडीने कुडकुडत होती, काही मेली, आणि दार बंद होते. बेलारूसच्या सरकारने त्यांना मुद्दाम तिथे आणून सोडले होते हे खरे. तरी थंडी खोटी नव्हती. ज्यांच्या आजीने वळिवड्यात भाकरी खाल्ली त्यांनी हे केले, असे म्हणून मी पोलंडला हिणवत नाही. आपणही तसेच आहोत. ओळखीचा चेहरा दिसला की दार लवकर उघडते, ही माणसाची सवय आहे. म्हणूनच निर्वासितांचा प्रश्न एकट्या दयेवर सोडता येत नाही. दया चेहरा बघते. नियम लागतो.

शेवटचा एक प्रश्न उरतो, आणि त्यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही. दार उघडले, भाकरी दिली, पुढे काय? किती वर्षांनी पाहुणा घरचा होतो? संत थॉमस जुन्या करारातील नियमांवर लिहिताना सांगतात की परक्यांना ताबडतोब लोकांत सामील करून घेत नसत; काही पिढ्या जाव्या लागत, कारण ज्यांच्या मनात अजून समाजाच्या भल्याची मुळे रुजलेली नाहीत त्यांच्या हाती कारभार दिला तर धोका असतो. हा सावधपणा मला समजतो. पण शरणपूर रोडवर स्वेटर विकणारी मुलगी तिसऱ्या पिढीची आहे. ती मराठीत भाव सांगते. तिला परकी म्हणायचे किती दिवस? उलट बाजूने, तिबेटी लोकांपैकी काहींना भारतीय व्हायचेच नाही. नागरिकत्व घेतले तर परत जाण्याची आशा सोडल्यासारखे होईल, असे त्यांना वाटते. पाहुण्याला कायमचा ठेवून घेणे हासुद्धा कधी कधी त्याचे घर विसरायला लावण्याचा प्रकार होऊ शकतो. या बाबतीत घाई करू नये आणि टाळाटाळही करू नये, एवढेच मला आज म्हणता येते.

वळिवड्याचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. १९४८ मध्ये शेवटचे पोलिश लोक गेले. बरेच जण पोलंडला परतलेच नाहीत, कारण तिथे आता स्टॅलिनच्या मर्जीतले सरकार होते. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा ठिकाणी पांगले. छावणी रिकामी झाली. तोवर फाळणी झाली होती आणि सिंधमधून लाखो हिंदू मुंबई बंदरात उतरले होते. युद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकी त्यांना दिल्या गेल्या. कल्याणजवळच्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. आपल्या देवळालीच्या बराकींतही सिंधी कुटुंबे राहिली, आणि नाशिकच्या व्यापारात त्यांचे आज काय स्थान आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. वळिवड्याच्या ज्या खोल्यांतून पोलिश आया बाहेर पडल्या, त्याच जागेत सिंधी आया राहायला आल्या. ती जागा म्हणजे आजचे गांधीनगर. कापडाची एवढी मोठी बाजारपेठ की लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबहून लोक तिथे जातात. आलेले लोक घरच्यांच्या नोकऱ्या खातील, अशी भीती तेव्हाही अनेकांनी बोलून दाखवली होती. आज गांधीनगरच्या दुकानांत कोण कोण काम करते, कुणाची रोजीरोटी त्यावर चालते, हे काकांनी एकदा जाऊन पाहावे असे मला वाटते. गाडीभाडे मी देईन.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये या विषयावर बोलायला बसू. ज्यांना माझे म्हणणे पटलेले नाही त्यांनी आवर्जून यावे, आणि काकांनी नातवालाही घेऊन यावे. त्याच्या नोकरीसाठी आपल्या धर्मग्रामातील कारखान्यांत असलेल्या मंडळींनी काही करता येईल का, तेही त्याच बैठकीत पाहू. चहा आपल्या महिला मंडळाकडून आहे.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू